साडेतीन फुटांचं दार

बाई नऊ फुटांची, दार साडेतीन फुटांचं.
हे मला गाळ मळतानाच सुचायला हवं होतं.
आता बोरीच्या डोहातला दोन गाड्या गाळ
भंगार सीटांच्या पाइपांवर चढून
परसात उभा आहे, ओल्या गोणपाटाखाली,
दोन्ही हात पसरून.
तिन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती.

म्हणून ही वही.
अमळनेर डेपोच्या जुन्या लॉगशीटा, निवृत्तीच्या दिवशी आणलेल्या.
वर छापलंय : गाडी क्रमांक, चालक, बिघाड.
बिघाडाखाली मी लिहितो –
साच्याचे तुकडे सतरा.
डोकं दोन, पाठ चार,
पदराच्या चुण्यांत प्लास्टर अडकणार, तिथे तीन सुटे,
हात कोपरात कापायचे, खांद्यात नाही.
बगलेचं धुडकू ओतारीला विचारणे.

धुडकूबाबा ऐंशीचे. बैलांच्या घंटा ओतायचे.
त्यांनी बगलेकडे पाहिलंसुद्धा नाही.
ओट्यावर बसून तंबाखू मळली,
चुना नखावर धरून म्हणाले,
“आधी सोडानं देख, भो. धरानं मंग.”
मी ते बिघाडाच्या रकान्यात
जसंच्या तसं उतरवलं.

थंड पेयांच्या डब्यांचे पत्रे कापून पट्ट्या रोवणे.
सांध्याला वाटीएवढे खळगे,
तुकड्याला तुकडा ओळखता यावा म्हणून.
साबणाचं पाणी तीन हात.
पहिला थर निळीचा, दुसरा पांढरा,
म्हणजे कुठे हात फिरला नाही ते दिसेल.
रेझीन धुळ्याहून.
त्रेचाळीस अंशांत ते डब्यातच दगड होतं,
तेव्हा ओतकाम पहाटे चारला,
किंवा सरळ दिवाळीनंतर.
(दिवाळीपर्यंत गाळ ओला कोण ठेवणार?)

पण खरा बिघाड मांड्याचा.
हातावरून कोपरापर्यंत ताणलेला मांडा,
पलीकडची चूल दिसावी इतका पातळ.
गाळात तो होत नाही. पडतो.
तारेच्या जाळीवर ओलं धोतर टाकून पाहिलं,
धोतरच दिसलं.

द्वारकामावशी आल्या त्या भांडायलाच.
कुणीतरी त्यांना सांगितलं होतं, तुमचा पुतळा होतोय.
“मी आजून जित्ती शे,” दारातूनच म्हणाल्या.
मग गोणपाट बाजूला केलं
आणि किती तरी वेळ काही बोलल्या नाहीत.
“कोपर असा नई.”
पदर खोचला, हात उचलले,
आणि पीठ नसताना मांडा
या हातावरून त्या हातावर गेला,
रुंद झाला, आणखी रुंद,
मनगटाजवळचा भाजल्याचा डाग
त्याच्या कडेखाली लपला.
मी दोऱ्याने माप घेत राहिलो,
माप घेता येत नव्हतं, त्या थांबतच नव्हत्या.

जमत नाही ते मी सांगितलं.
त्या हसल्या. “खापरवर टाक ना.
मांडा आखो कशावर व्हस?”

चार महिने मी साचा शोधत होतो.
पालथं खापर, त्यावर मेण,
मग काचेची चटई, रेझीनचे दोनच थर,
उजेड आरपार जाईल इतके.
चांगलं खापर मिळणार नाही, त्याला वास लागेल,
लेकीच्या लग्नातलं तडा गेलेलं आहे,
ते घेऊन जा म्हणाल्या.
बाई मात्र माणसाच्या पावणेदोन पट, खापर खापराएवढंच.
म्हणजे मांडा चार तुकड्यांत काढून सांधावा लागणार.
हे मावशींना सांगितलेलं नाही.

काल रात्री दार परत मोजलं.
चौकट काढली तर पावणेचार.
खांद्यांचा तुकडा तीन फूट दहा,
आडवा फिरवला तरी दंड पुढे येतात.
बॅटरी वच्छलेच्या हातात होती.
बाई उभी कुठे करणार, हे तिने अजून विचारलेलं नाही.
एवढंच म्हणाली, “मग भिंतच काढा की.”

मी लॉगशीट गुडघ्यावर घेतली.
बिघाड : मागची भिंत.
मावशींना विचारणे.